दयेकडून हक्काकडे : कैद्याची प्रतिष्ठा, धर्मस्वातंत्र्य आणि कॅथलिक शिकवण
(महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

१० ते १२ जानेवारी २०२० या काळात तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजेच आजच्या धाराशिव येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पार पडले. संमेलनाच्या अध्यक्षपदी 'सुबोध बायबल'चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एका कॅथलिक धर्मगुरूची या पदावर झालेली निवड काहींना रुचली नव्हती व तिला विरोधही झाला होता; तथापि तेरच्या गोरोबाकाकांच्या या भूमीने वसईच्या धर्मगुरूचे मनःपूर्वक स्वागत केले. त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, ८ ऑक्टोबर २०२० रोजी, फादर स्टॅन स्वामी या ८३ वर्षांच्या येशूसंघीय धर्मगुरूंना रांची येथे अटक झाली आणि त्यांची रवानगी नवी मुंबईजवळच्या तळोजा मध्यवर्ती कारागृहात झाली. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु त्या शेजारी ठेवून पाहिल्या असता एक प्रश्न उभा राहतो. माणसाची श्रद्धा आणि प्रतिष्ठा सभामंडपात मान्य करणे तुलनेने सोपे असते. तुरुंगाच्या भिंतीआड गेलेल्या माणसाच्या बाबतीत ती कितपत मान्य केली जाते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना कॅथलिक शिकवणीचा इतिहास विशेष उपयोगी पडतो. कारण या परंपरेने कैद्यांची सेवाही केली आहे आणि माणसांना त्यांच्या श्रद्धेवरून कैदेतही टाकले आहे. कैद्याविषयीची दया ही या परंपरेत प्रारंभापासून होती. कैद्याचा हक्क मात्र तिने फार उशिरा, १९६५ मध्ये, स्पष्टपणे मान्य केला. दयेकडून हक्काकडे झालेला हा प्रवास आणि महाराष्ट्रातील तुरुंगांच्या इतिहासाशी असलेले त्याचे नाते यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दयेची परंपरा आणि तिची मर्यादा

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे वर्णन आहे. भुकेल्याला अन्न देणे, उघड्याला वस्त्र देणे, आजाऱ्याची विचारपूस करणे यांबरोबरच तुरुंगातील माणसाला भेटणे ही तेथे थेट ख्रिस्ताला दिलेली भेट मानली आहे. या माणसाने अपराध केला होता की नव्हता, याची चौकशी तो उतारा करीत नाही. बंदिवानांची काळजी ही पुढे दयेच्या शारीरिक कृत्यांपैकी एक गणली गेली. बंदिवानांना खंडणी भरून सोडविण्यासाठी ११९८ मध्ये त्रैक्यसंघ आणि १२१८ मध्ये पीटर नोलास्को यांचा मर्सिडेरियन संघ असे स्वतंत्र धर्मसंघ स्थापन झाले. वेळ पडल्यास बंदिवानाच्या जागी स्वतः ओलीस राहण्याची तयारी हे मर्सिडेरियनांचे वैशिष्ट्य होते.

परंतु या दयेला एक मर्यादा होती. कैद्याचे शरीर हे तिचे क्षेत्र होते. त्याची विवेकबुद्धी नव्हे. सत्य श्रद्धेला अधिकार असतात, चुकीच्या श्रद्धेला नसतात, हे गृहीतक त्या काळी दृढ होते. त्यामुळेच शत्रूच्या कैदेतील ख्रिस्ती माणसासाठी खंडणी भरणाऱ्या शतकातच, १२५२ मध्ये, पोप इनोसंट चौथे यांनी पाखंडाच्या आरोपींचा छळ करून कबुली घेण्यास मान्यता दिली. दया आणि जबरदस्ती एकाच छताखाली नांदू शकतात, हे या इतिहासातून दिसून येते.

गोव्यातील कोठड्या

मराठी वाचकाला या विसंगतीचे सर्वांत जवळचे उदाहरण गोव्यात सापडते. पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाने १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १७७४ ते १७७८ हा खंडित काळ वगळता ती १८१२ पर्यंत चालू राहिली. जुन्या गोव्यात एकेकाळी आदिलशाही सत्तेच्या ताब्यात असलेल्या वाड्यातच तिचे न्यायालय आणि कोठड्या होत्या. जुने संस्कार गुप्तपणे पाळणारे नवख्रिस्ती, यहुदी वंशाचे लोक व पाखंडाचा संशय असलेले ख्रिस्ती हे मुख्यतः तिचे आरोपी असत. डेलॉन हा फ्रेंच वैद्य १६७३ मध्ये दमण येथे पकडला गेला व पुढे गोव्याच्या कोठडीत राहिला. तेथे कमालीची शांतता पाळावी लागे. रडणाऱ्याला आणि मोठ्याने प्रार्थना करणाऱ्यालाही फटके बसत, असे त्याने नमूद केले आहे. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या साऱ्या इतिहासाची साधार मांडणी केली.

धर्माच्या रक्षणासाठी उभारलेल्या तुरुंगात प्रार्थनेचा आवाज हा अपराध ठरावा, यातील विदारकता वेगळी सांगण्याची गरज नाही. या कोठड्यांचा उल्लेख टाळून कॅथलिक शिकवणीतील कैद्याच्या प्रतिष्ठेविषयी बोलणे अप्रामाणिक ठरेल. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये केलेल्या क्षमायाचनेत सत्याच्या सेवेसाठी वापरलेल्या बळजबरीचा समावेश होता, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

ब्रिटिश तुरुंग : धर्माच्या नावाने जात

ब्रिटिश अमदानीतील तुरुंगांत प्रश्नाचे स्वरूप वेगळे होते. कैद्यांच्या धर्मभावना दुखावू नयेत, असे सरकारचे घोषित धोरण होते. मात्र व्यवहारात धर्मभावना म्हणजे प्रामुख्याने उच्चवर्णीयांचे सोवळे, असा अर्थ घेतला गेला. स्वयंपाक कोणी करावयाचा आणि मैला कोणी उचलावयाचा, हे तुरुंगाच्या नियमपुस्तिकांनी जातीवरून ठरविले. धर्मस्वातंत्र्याच्या रक्षणाच्या नावाखाली तुरुंगाने अस्पृश्यतेलाच नियमाचे रूप दिले.

या व्यवस्थेला रत्नागिरीच्या तुरुंगातून आव्हान मिळाले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तेथे कैदेत असलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये भंगीकाम आपल्याला द्यावे, अशी मागणी केली. ते काम उच्चवर्णीय कैद्याला देता येत नाही, या कारणास्तव मागणी नाकारण्यात आली. अप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग पत्करला. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींनी ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांच्या समर्थनार्थ उपोषण सुरू केले आणि सरकारने या प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर ते सोडले. अप्पासाहेबांची मागणी वरकरणी विलक्षण वाटते. कैदी सहसा सवलत मागतो. त्यांनी सर्वांत हलके मानलेले काम मागितले. परंतु त्या मागणीमागचा विचार स्पष्ट होता. जी धर्मभावना दुसऱ्या माणसाच्या प्रतिष्ठेवर पाय देऊन उभी राहते, तिला धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण मागता येणार नाही.

याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तुरुंगातील धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय असू शकते, याचा तो उत्तम दाखला होय. कैद्यांना एकत्र बसता आले, ऐकता आले, विचार करता आला व लिहिता आले. त्या सवलतीतून मराठीला एक चिरस्थायी ग्रंथ लाभला.

धाराशिव जिल्ह्याचा अनुभव याहून निराळा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उपासना, धर्मप्रचार आणि उपासनास्थळे यांवरील निर्बंध दूर व्हावेत यासाठी आर्य समाजाने १९३९ मध्ये संस्थानात सत्याग्रह केला. त्यात हजारो सत्याग्रही तुरुंगात गेले. काहींचा तुरुंगवासातच अंत झाला. धर्मस्वातंत्र्य मागणारा माणूस तुरुंगात जातो आणि तेथे त्याच्या जीविताचीही शाश्वती उरत नाही, हे मराठवाड्याने असे प्रत्यक्ष पाहिले आहे. म्हणूनच हा विषय येथील अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही.

१९६५ : दोन निर्णय

१९६५ या वर्षी परस्परांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी कैद्याच्या हक्काविषयी महत्त्वाचे निर्णय झाले.

पहिला निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा होता. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात मराठीतून अणुविज्ञानावर पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रसिद्धीसाठी बाहेर पाठविण्यास सरकारने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. स्थानबद्धतेच्या अटींत जे निर्बंध घातलेले नाहीत, ते प्रशासनाला आपल्या मर्जीने लादता येणार नाहीत, असा निर्णय न्यायालयाने दिला व हस्तलिखिताचा मार्ग मोकळा झाला. कैद्याचे स्वातंत्र्य म्हणजे सरकारने दिलेली सवलत नव्हे, हे तत्त्व एका मराठी हस्तलिखिताच्या निमित्ताने प्रस्थापित झाले.

दुसरा निर्णय रोममध्ये झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी 'दिग्नितातिस ह्युमाने' हा धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा २,३०८ विरुद्ध ७० मतांनी स्वीकारला. या जाहीरनाम्याने जुने गृहीतक बाजूला सारले. धर्मस्वातंत्र्याचा हक्क श्रद्धेच्या सत्यतेवर अवलंबून नसून तो मानवी व्यक्तीच्या प्रतिष्ठेत रुजलेला आहे. म्हणून सत्याचा शोध घेण्याचे कर्तव्य न पाळणाऱ्या माणसालाही तो लागू राहतो, असे तेथे प्रतिपादन केले आहे. त्याच दिवशी स्वीकारलेल्या 'गौदियुम एत स्पेस' या दस्तऐवजाने मनमानी कारावास आणि अमानुष राहणीमान यांची गणना मानवी प्रतिष्ठेवरील आघातांत केली.

हा बदल घडविण्यात कैद भोगून आलेल्या धर्मगुरूंचा वाटा होता. प्रागचे कार्डिनल योसेफ बेरान हे नाझींच्या डाखाऊ छळछावणीत आणि नंतर कम्युनिस्ट राजवटीत दीर्घकाळ नजरकैदेत होते. सप्टेंबर १९६५ मध्ये परिषदेत बोलताना त्यांनी पंधराव्या शतकातील यान हुस यांच्या दहनाचा उल्लेख केला आणि विवेकस्वातंत्र्यावरील त्या आघाताची किंमत आपल्या देशातील चर्च अजून मोजत आहे, असे सुचविले. दुसऱ्यांच्या तुरुंगात राहिलेल्या माणसाला आपल्या परंपरेने उभारलेल्या तुरुंगाचा अर्थ अधिक लवकर उमगला, असे म्हणता येईल.

या जाहीरनाम्याचा एक पैलू सहसा दुर्लक्षित राहतो. धर्मप्रसार करताना जबरदस्तीचा किंवा अयोग्य मोहाचा वास येईल असे वर्तन टाळावे आणि गरीब व अशिक्षित लोकांच्या बाबतीत तर विशेष दक्षता घ्यावी, असे तो बजावतो. कैद्याइतका परावलंबी माणूस दुसरा क्वचितच असेल. त्याच्या कोठडीत येणाऱ्या प्रत्येकाचे त्याच्यावर काही ना काही वजन पडते. त्यामुळे या शिकवणीनुसार कैद्याचे धर्मस्वातंत्र्य तुरुंगाधिकाऱ्याला जितके बंधनकारक आहे, तितकेच ते कैद्याला भेटण्यास येणाऱ्या धर्मगुरूलाही बंधनकारक ठरते. प्रार्थनेची संधी मिळणे हा जसा हक्क आहे, तसाच कोणाचीही प्रार्थना न स्वीकारणे हाही हक्कच आहे.

अपराध्याची प्रतिष्ठा

प्रतिष्ठा हा हक्क असेल, तर तो निरपराध्यापुरता मर्यादित राहू शकत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या 'एव्हांगेलियुम व्हिते' या परिपत्रात खुन्याचीही व्यक्तिगत प्रतिष्ठा नष्ट होत नाही, असे प्रतिपादन केले. आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या इसमाला ते २७ डिसेंबर १९८३ रोजी रोमच्या तुरुंगात जाऊन भेटले होते. मार्च २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुस्लिम कैदीही होते. २०१८ मध्ये त्यांनी कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातील २२६७ व्या परिच्छेदात बदल करून देहदंड अस्वीकार्य असल्याचे नमूद केले. व्यक्तीच्या प्रतिष्ठेवरील आघात हेच त्याचे कारण दिले आहे.

या शिकवणीची भारतीय कसोटी महाराष्ट्राच्या शेजारी, इंदूरमध्ये लागली. देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात गरीब शेतकऱ्यांमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी खून झाला. त्यांच्या धर्मभगिनीही असलेल्या सख्ख्या बहिणीने २००२ मध्ये इंदूरच्या तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. मृताच्या कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले व २००६ मध्ये तो मुक्त झाला. येथे शिक्षा अन्यायाची होती, असा दावा कोणी केला नव्हता. अपराध्यातील माणूस शिक्षेनंतरही शिल्लक राहतो, एवढेच त्या राखीने सांगितले; आणि त्यासाठी निवडलेली खूण या मातीतील होती.

तळोजा

स्टॅन स्वामी यांचे प्रकरण याहून वेगळे होते. कारण ते सिद्धदोष नव्हते. तमिळनाडूत १९३७ मध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूंनी आयुष्याचा मोठा काळ झारखंडमधील आदिवासींत काम केले. कच्च्या कैदेत खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांचा प्रश्न त्यांनी २०१७ मध्ये झारखंड उच्च न्यायालयात नेला होता. तीन वर्षांनी भीमा कोरेगाव–एल्गार परिषद प्रकरणात, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, ते स्वतःच कच्चे कैदी झाले. त्यांनी आरोप नाकारले होते.

कंपवातामुळे त्यांना हातात पेला धरता येत नसे. नोव्हेंबर २०२० च्या प्रारंभी त्यांनी विशेष न्यायालयाकडे नळी आणि झाकणाचा पेला मिळावा, असा अर्ज केला. त्याची पुढील सुनावणी वीस दिवसांनंतरची ठेवण्यात आली. अखेर ती वस्तू त्यांना तुरुंगात मिळाली. दरम्यान सहकैदी त्यांना चहा पिण्यास व आंघोळीस मदत करीत असत. ज्यांना आपल्यावर कोणते आरोप आहेत हेही नीटसे ठाऊक नाही अशा गरीब कच्च्या कैद्यांविषयी त्यांनी तुरुंगातील पत्रांत लिहिले. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांचा जामीन नाकारला. २१ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयासमोर दृक्श्राव्य माध्यमातून उपस्थित असताना त्यांनी रुग्णालयात जाण्याऐवजी रांचीला आपल्या माणसांत परतण्याची इच्छा व्यक्त केली. २८ मे रोजी त्यांना वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात हलविण्यात आले आणि ५ जुलै २०२१ रोजी, जामीन अर्ज प्रलंबित असतानाच, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर खटल्याची प्रत्यक्ष सुनावणी सुरूही झाली नव्हती.

आरोपांच्या सत्यासत्यतेचा निर्णय इतिहासलेखनाने करावयाचा नाही. परंतु या घटनेतून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे येते. ज्या कैद्याला स्वतःच्या हाताने पाणीही पिता येत नाही, त्याचे धर्मस्वातंत्र्य केवळ प्रार्थनेच्या परवानगीने पूर्ण होत नाही. शरीराची प्रतिष्ठा आणि विवेकाचे स्वातंत्र्य यांची फारकत करता येत नाही. मध्ययुगीन दयेने शरीर घेतले आणि विवेक सोडला; आधुनिक प्रशासन कागदावर विवेकाचे स्वातंत्र्य मान्य करते व शरीराकडे पाठ फिरवते, असा धोका येथे दिसतो. हा प्रश्न एका धर्मगुरूपुरता नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत असलेल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी होते.

समारोप

भारतीय कायद्यानेही हाच प्रवास केला आहे. १९७८ च्या सुनील बत्रा प्रकरणात तुरुंगाच्या दारापाशी मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत कैद्याच्या धर्मपालनाबरोबरच धर्मगुरूची भेट नाकारण्याच्या त्याच्या इच्छेचाही आदर केला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील कामांची जातीवरून होणारी विभागणी घटनाबाह्य ठरविली. रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेबांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाला हे उत्तर मिळण्यास ९२ वर्षे लागली.

या सर्व इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की प्रतिष्ठेपासून तोडलेले धर्मस्वातंत्र्य जातीचे किंवा बहुमताचे हत्यार बनू शकते. म्हणून त्याचे मोजमाप प्रतिष्ठेनेच व्हावयास हवे. दुसरा असा, की दया देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते आणि हक्क मिळविणाऱ्याच्या माणूसपणावर. कॅथलिक शिकवणीला हा भेद उमगण्यास अनेक शतके लागली व त्यासाठी तिला गोव्यातील कोठड्यांची आठवण पत्करावी लागली. आपल्या इतिहासातील तुरुंगांची अशी आठवण पत्करणे प्रत्येक धर्मपरंपरेला आणि प्रत्येक राज्यसंस्थेला आवश्यक आहे.

मडके कच्चे की पक्के हे गोरोबाकाका थापटीने ठोकून पाहत, अशी कथा धाराशिवच्या घराघरांत सांगितली जाते. समाजाची पारख करावयाची असेल, तर थापटी तुरुंगाच्या भिंतीवर मारावी लागेल. तेथून येणारा आवाज ऐकण्याची तयारी हीच त्या पारखेची पहिली अट होय.